लढा माझा, पिशवी तिची

आमच्या घरच्या त्या सिनेमात बायकांना एकच काम होतं. खिडकीशी उभं राहायचं आणि आभाळाकडे बघायचं. पुरुषांनी विमानं उडवायची, टपालाची पोती डोंगरापलीकडे न्यायची, धुक्यात हरवायचं, वेळ आली तर मरायचं. बायकांनी कॉफी गरम ठेवायची. हॉलिवूडचा जुना, काळापांढरा सिनेमा. विमानातून टपाल न्यायला नुकती सुरुवात झाली होती, त्या वेळच्या वैमानिकांची गोष्ट. बाबांना तो फार आवडायचा. मलाही आवडायचा, आणि त्याचाच मला राग यायचा.

कुवेतमध्ये मंगफ भागात आमचा फ्लॅट होता. बाबा पेट्रोकेमिकलच्या प्लांटवर इंजिनिअर. युद्धानंतर सगळे परतून पुन्हा स्थिरावत होते तेव्हाची ही गोष्ट आहे. घरी फोन करायचा तो कुणाचं बारसं किंवा बारावं असलं तरच, बाकी सगळं पत्रांवर. आणि पत्र इथल्या पोस्टात टाकायचं नाही, हे आखातात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. जो सुट्टीवर भारतात निघेल त्याच्याबरोबर द्यायचं. त्याने मुंबईला उतरलं की लाल पेटीत टाकायचं. म्हणून बाबा दर सुट्टीत भारतातली टपालाची तिकिटं आणून ठेवायचे. दमट हवेत ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फ्रीजवर बिस्किटांच्या डब्यात, पावडर भुरभुरून. इमारतीतल्या मराठी घरांची सगळी पत्रं आमच्याकडे जमायची आणि एका खाकी कॅनव्हासच्या पिशवीत जायची. ती मूळची प्लांटवरच्या गॅसमास्कची पिशवी. कितीही धुतली तरी रबराचा वास जाईना.

एवढं सगळीकडेच चालायचं. आमच्याकडे त्यावर सिनेमा होता.

अबू हलीफाला राहणारा एक अमेरिकन इंजिनिअर कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याने वाटून टाकलेल्या सामानातली ती कॅसेट बाबांना मिळाली. तेव्हापासून रिवाज पडला. कुणी निघणार असलं की आदल्या शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, सगळे आमच्या हॉलमध्ये. एसी घरघरतोय, पडदे ओढलेले, आणि निघणारा माणूस सोफ्याच्या मधोमध. त्याला पायलट म्हणायचं. सिनेमातलं नाकातलं इंग्रजी कुणालाच कळायचं नाही, म्हणून बाबा मध्येच थांबवून मराठीत सांगायचे, आणि काय सांगायचे! "आता हा म्हणतोय, अरे धुकं असो नाहीतर काही असो, लोकं तिकडे वाट बघून ऱ्हायलीत." तो वैमानिक आमच्या हॉलमध्ये नाशिकचं बोलायचा. सिनेमा संपला की बाबा उठून ती पिशवी पायलटच्या खांद्याला अडकवायचे. लोक टाळ्या वाजवायचे, थट्टा करायचे, आणि शेवटी सगळे मिळून म्हणायचे, "पोचल्याचं कार्ड टाका!" कारण पत्रं पेटीत पडली की पायलटने आम्हाला एक कार्ड टाकायचं. त्यावर दोनच शब्द. टपाल पोचलं. ते कार्ड पुढचं येईपर्यंत आमच्या फ्रीजवर चुंबकाखाली राहायचं.

लहान मुलांचा खेळ वाटेल कुणाला. मला तो खेळ वाटत नव्हता. मला पायलट व्हायचं होतं. बाबांच्या हाताने ती पिशवी माझ्या खांद्यावर यायला हवी होती. त्या वयात मला दुसरं काही नको होतं.

आणि पायलट नेहमी पुरुष. काकू पोरांना घेऊन आधी जायच्या आणि काका मागाहून, तर पिशवी काकांसाठी थांबायची. पत्रं हॉलमध्ये पडून राहतील, पण बाईच्या खांद्यावर जाणार नाहीत. याला काय म्हणायचं?

मी बाबांना विचारलं. "तिसऱ्या मजल्यावरच्या काकू परवाच गेल्या. त्यांच्याबरोबर का नाही दिली?"

"अगं, त्यांच्याबरोबर दोन पोरं, सामान, केवढी धावपळ."

"काकांना सामान नसतं?"

"त्यांचंही सामान काकूच भरून जातात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू जरा गप गं," बाबा म्हणाले, आणि तेवढ्यात हरले.

पुढच्या शुक्रवारी मी चित्रकलेच्या वहीचा कागद घेतला, जाड मार्करने लिहिलं, "या घरात बाईला पायलट होता येत नाही. का?" आणि तो टीव्हीच्या काचेवर मधोमध चिकटवून दिला. तो काढल्याशिवाय सिनेमा बघताच येईना. काका मंडळी हसून लोळली. "काय पुढारी, घोषणा कधी देताय?" काकू हसल्या नाहीत. एकीने तर म्हटलं, "बरोबर विचारलंय पोरीने." बाबांनी कागद हलकेच सोडवला, घडी घातली, खिशात ठेवला. "मान्य," ते म्हणाले. "पुढची पिशवी मुलीकडे."

आज मी रोज पत्रकं लिहिते. मागण्यांची, निषेधाची, सभेच्या वेळेची. पहिलं पत्रक कुठलं म्हणून विचाराल तर ते. आणि शंभर टक्के यशस्वी झालेलंही तेच एक, म्हणून तर राग येतो.

त्या उन्हाळ्यात पुण्याला मीच निघणार होते. आई शिकवायची त्या शाळेला सुट्टी उशिरा होती, बाबांना रजा नव्हती. मला एकटीला विमानात बसवून द्यायचं, मुंबईला मामा घेणार, असं ठरलेलं. म्हणजे पुढची मुलगी कोण? सरळ आहे की नाही? मी शब्दकोश आणि ॲटलास दप्तरात कोंबून गच्चीवर फेऱ्या मारायची, खांद्याला सवय व्हावी म्हणून. धुळीच्या वादळातसुद्धा एकदा गेले. वैमानिक काय हवा बघून निघतात?

आता तिच्याबद्दल. वरच्या मजल्यावर एक सिस्टर मावशी राहायच्या, नाशिकच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. ती बोलायची नाही. नुसती नसायचीच म्हणा ना. लांब वेणी, नीट अक्षर, डबा पूर्ण संपवायचा. आई म्हणायची, "अक्षर बघ तिचं, आणि तुझं बघ." बाबा म्हणायचे, "किती शहाणी पोर." तिचे वडील नव्हते. मावशींच्या ड्युट्या फिरत्या, पोरीकडे बघायला कुणी नाही, म्हणून मावशी तिला नाशिकला वसतिगृहात ठेवणार होत्या. तीही माझ्याच विमानाने जाणार होती. हे मला माहीत होतं. त्यात मला धोका दिसला नाही, हे मात्र खरं.

शुक्रवार आला. मी आधीच सोफ्याच्या मधोमध जाऊन बसले. ती दाराजवळच्या स्टुलावर आणि मावशी तिच्यामागे, ड्युटीवर जायच्या कपड्यात. सिनेमा झाला. धुकं झालं, कॉफी झाली, खिडकी झाली. बाबांनी पिशवी उचलली. मी उभी राहिले. खांदासुद्धा पुढे केला. बाबा माझ्यासमोरून पुढे गेले आणि पिशवी तिच्या खांद्यावर ठेवली.

टाळ्या वाजल्या. मी उभीच होते. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "वा पुढारी, तुमची मागणी मान्य झाली. आता तरी खूश?"

मी स्वयंपाकघरात गेले. बाबा मागोमाग आले.

"अगं, ती कायमची जातेय," ते हळू आवाजात म्हणाले. "तू दोन महिन्यांनी परत येणार. एकट्याने कायमचं जायचं म्हणजे हातात काहीतरी काम असावं लागतं माणसाच्या."

"मग तिला विणकाम द्या!"

"असं बोलतात?"

"मागितलं कुणी? कागद कुणी लावला? तिने एक शब्द तरी काढला का आजवर?"

"नाही काढला," बाबा म्हणाले. "म्हणूनच."

हे "म्हणूनच" मला तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. न बोलणाऱ्याला आधी द्यावं, हे मी स्वतः सभांमधून सांगते, टाळ्याही घेते. पण मग बोलणाऱ्याने काय करायचं? ओरडून ओरडून दार उघडायचं आणि आत दुसऱ्याला जाताना बघत उभं राहायचं? माझ्या मते ती पिशवी माझ्या हक्काची होती, आणि तिला ती दयेपोटी मिळाली. हक्क आणि दया यांच्यात आमच्या घरी दया जिंकली, आणि माझ्याकडून मात्र मोठ्या मनाची अपेक्षा. माझं मन मोठं नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीचं असतं तेवढंच होतं.

विमानात आम्हा दोघींना शेजारी बसवलं. गळ्यात पासपोर्टचं पाकीट, एकट्या मुलांना देतात तसलं. तिच्या मांडीवर पिशवी. हवाईसुंदरी आली आणि पिशवी वर ठेवू या म्हणाली. वर्गात कधी तोंड न उघडणारी ही बाई चक्क इंग्रजीत म्हणाली, "नो. इट इज मेल." हवाईसुंदरी हसली आणि तिला जास्तीचं चॉकलेट देऊन गेली. ते वाक्य माझं होतं. मी ते गच्चीवर किती वेळा म्हटलं होतं! थोड्या वेळाने तिला पिशवीच्या वासाने उलटी झाली. पिशवी तिने वर धरली, एक थेंब पडू दिला नाही. उलटी माझ्या चपलेवर.

मुंबईला मामा आणि तिचे एक काका बाहेर उभे होते. लाल पेटी तिथेच होती. ती एकेक पत्र टाकत होती, पत्ता वाचून, सावकाश. मध्येच थांबून तिने माझ्यापुढे मूठभर धरली. "तू टाकतेस थोडी?"

"नको," मी म्हटलं.

दोन महिन्यांनी रिकामी पिशवी घेऊन मी परत मंगफला आले तेव्हा फ्रीजवर कार्ड होतं. टपाल पोचलं. ते नीट अक्षर.

पुढचं कार्ड आलंच नाही. म्हणजे पायलट जात राहिले, पण हळूहळू फोनची कार्डं निघाली आणि लोक पोचल्यावर फोनच करायला लागले, "हां, टाकली, टाकली." मग पत्रंही आटली. पिशवी अर्धी जायची, मग तळाशी चार जायची. मग ईमेल आला. तिचं कार्ड शेवटचं ठरलं, आणि बाबांचा नियम असा की पुढचं येईपर्यंत काढायचं नाही. माझं सगळं शिक्षण त्या कार्डासमोर झालं. पाणी प्यायला गेलं, टपाल पोचलं. दूध काढलं, टपाल पोचलं. दहावीचा निकाल लागला, आईसक्रीम काढायला गेले, तेच. सिस्टर मावशी कधी आल्या की त्या कार्डाला हात लावायच्या. तेव्हा मी हॉलमध्ये निघून जायची.

मग माझी पाळी आली. बारावी झाली आणि पुण्याला कॉलेजला निघाले. कायमची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी बाबांना म्हटलं, "आता मी कायमची जातेय. तुमच्या नियमात बसते."

बाबा गोंधळले. "अगं, पण पत्रं कुठायत?"

"ती मी बघते."

तेव्हा मी ते केलं जे माझ्यासारखीलाच सुचेल. पत्रक काढलं. "पत्रं लिहा! ईमेल उशीखाली ठेवता येत नाही. येत्या शुक्रवारपर्यंत आमच्या फ्लॅटवर आणून द्या." कॉलनीतल्या दुकानात झेरॉक्स काढल्या आणि इमारतीतल्या प्रत्येक दाराखालून सरकवत निघाले. प्रत्येक. मराठी, मल्याळी, पठाण, इजिप्शियन, सगळे. वर जातेय तोवर खालून इमारतीचा रखवालदार, हारिस, म्हातारा मिसरी माणूस, हातात माझ्याच कागदांचा गठ्ठा घेऊन धापा टाकत आला. जे जे दाराबाहेर दिसलं ते त्याने ओढून काढलं होतं. थेट आमच्या दारावर थाप. "बाबा! ये क्या? लिखा क्या है? मुश्किल! बहुत मुश्किल!"

बाबांचा चेहरा पांढरा. त्यांनी त्याला आत घेतलं, चहा दिला, एकेक ओळ वाचून हिंदीत समजावली. म्हाताऱ्याने शेवटी कपाळाला हात लावला. तो गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "पुढारी, इथे पत्रकं वाटत नाहीत गं. इथे पत्रकं वाटणाऱ्यांना घरी पाठवतात."

"मी तशीही घरीच चाललेय," मी म्हटलं. आई हसली. बाबा नाही.

शुक्रवारपर्यंत काय जमलं? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी निरोप दिला, "फोन करतोच आहोत, उगीच कशाला." कुणी लोणचं न्यायला दिलं. कुणी औषधं. पत्र एक. सिस्टर मावशींचं. लेकीला.

मी ते हातात घेतलं. पत्ता नाशिकचा. म्हणजे इतक्या वर्षांनी ती पिशवी माझ्याकडे येत होती, आणि तिच्यात ओझं म्हणून तीच!

सिनेमा लावला. सोफ्यावर मी, आई, बाबा, मावशी. पडदे ओढले. धुक्याच्या प्रसंगात टेप अडकली. घरघर झाली, रेघा आल्या, बाबांनी कॅसेट बाहेर काढली तर फीत आत गुंतून बाहेर लोंबतेय. त्यांनी पेन्सिल घालून गुंडाळायचा प्रयत्न केला. तुटली. मग ती तशीच मांडीवर घेऊन बसले आणि उरलेला सिनेमा तोंडी सांगितला. सगळा, नाशिकच्या बोलीत. फक्त शेवटी तो वैमानिक धुक्यातून परत आला, विमान उतरवलं, गरम कॉफी प्यायला.

"खोटं आहे हे," मी म्हटलं. "तो परत येत नाही."

"तुला काय करायचंय? तू कार्ड टाक म्हणजे झालं." आणि त्यांनी पिशवी माझ्या खांद्याला लावली. टाळ्या वाजवायला दोघीच होत्या. पिशवी इतकी हलकी की ती आहे की नाही हे बघायला मी खांदा हलवला.

मुंबईला लाल पेटीशी मी थांबले होते. नियम पेटीचा. पण एकच पत्र त्या पेटीत टाकायचं, टक् असा आवाज, आणि संपलं? एवढ्यासाठी सगळा जन्म घासला? मी नाही टाकलं. पुण्याला सामान ठेवलं आणि एसटीने नाशिकला गेले. पत्र पोचवायला, असं मामीला सांगितलं. खरं म्हणजे मला तिला बघायचं होतं.

ती नर्सिंगच्या कॉलेजात होती. वसतिगृहाच्या ओट्यावर आली, वेणी अजून तेवढीच. मला ओळखलं. पत्र घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, ओढणीने नाक पुसलं. मग पिशवीकडे बघितलं.

"अजून आहे ही?" तिने ती नाकाशी नेली. "वासही आहे. शी. तुझी चप्पल आठवतेय मला."

"मलाही."

"तुला सांगू?" ती म्हणाली. "मला नको होती ती. मी आईला म्हटलं होतं, तिला दे ना, ती बघ कशी उभी राहिलीय. आई म्हणाली, दिलेलं परत करायचं नसतं."

  एवढी वर्षं मी जिच्यावर जळले तिला ती वस्तू नकोच होती! कुणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. मला जास्तच राग आला. निदान हवी तरी असायला हवी होती.

"पण मग ते 'इट इज मेल'?" मी विचारलं.

"ते तूच म्हणायचीस की. गच्चीवर. मी कपडे वाळत घालताना ऐकायचे." तिने खांदे उडवले. "मला दुसरं काही इंग्रजी सुचलं नाही त्या बाईपुढे."

कोपऱ्यावर पोस्ट होतं. मी कार्ड घेतलं, परदेशी जाणारी तिकिटं घेतली, काउंटरच्या दोरीला बांधलेल्या पेनने लिहिलं. टपाल पोचलं. माझं अक्षर वाईटच आहे. खाली नाव लिहिलं.

ती शेजारी उभी होती. "मी पण सही करू? काकांना बरं वाटेल."

"नाही."

"अजून?"

"अजून."

ती हसली. वर्गात असताना मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "बरं, तिकीट तरी लावू देशील?"

मी विचार केला. मग तिकिटं तिच्या हातात दिली. जीभ लावून तिने ती चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि कार्ड मला परत केलं. पेटीत मीच टाकलं. एवढं नीट अक्षर तिचं, पण तिकिटं साफ वाकडी लावली होती.